हे पान सोबत ठेवावे

माझ्या धाकट्या भावाला गोष्टी ऐकायला फार आवडायचं, पण गोष्ट जशी आहे तशी तो कधीच ऐकून घ्यायचा नाही.

आम्ही तेव्हा कोपरीत राहायचो, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. तळमजला मुद्दाम घेतलेला. लहानपणी त्याला सांध्यांचा ताप आला आणि तो हृदयावर गेला. एक झडप नीट मिटत नव्हती. पळणं, जिने चढणं, ओझं उचलणं डॉक्टरांनी बंद केलं. इमारतीतली मुलं बाहेर लगोरी खेळायची आणि हा खिडकीच्या गजांना धरून कोण आउट झालं ते ओरडून सांगायचा. मग दमायचा. मग मी पुस्तक घेऊन त्याच्या कॉटवर बसायचे.

"राजपुत्र दारापाशी आला," मी वाचायचे. "त्याने दार उघडलं."

"मी नाही उघडणार."

"अरे, तू नाही. राजपुत्र."

"मग मी राजपुत्र. मी आधी दाराला कान लावणार. सांग, काय ऐकू येतं?"

पुस्तकात तसलं काही नसायचं. राजपुत्राने दार उघडलेलं असायचं आणि पुढचं सगळं उघडलेल्या दारातून यायचं. मला काहीतरी रचावं लागायचं. आत कोणीतरी कण्हतंय, किंवा पाणी ठिबकतंय. मग तो म्हणायचा, "असं असेल तर मी मागच्या बाजूने जाणार." पुस्तक माझ्या मांडीवर उघडं राहायचं आणि आम्ही दोघं भलतीकडेच निघून जायचो. छातीला कान लावून ऐकणारी माणसं त्याने इतकी पाहिली होती की आत शिरण्याआधी ऐकून घ्यावं, ही त्याला जगाची रीतच वाटत असावी. हे मला आता वाटतं. तेव्हा मी त्याच्यावर चिडायचे.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. तो घरूनच शिकत, अधूनमधून कॉलेजात जात पदवीधर झाला. मी कल्याणला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. तो घरी बसून भाषांतराची कामं करू लागला. औषधांच्या पुड्यांवरच्या सूचना, यंत्रांची माहितीपत्रकं, असलं काहीही. कॉलेजमधले दोन मित्र मात्र त्याने टिकवले. एक कळव्याचा, खाडीकाठच्या कोळ्याच्या घरातला. घरात मासेमारी असूनही हा डोंबिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला लागला होता. दुसरी कल्याणची, एका बौद्ध कुटुंबातली. ती शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी तिच्या वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवायची. रविवारी दुपारी दोघं आमच्याकडे यायचे, कारण भाऊ त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हता.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली असतील. अशाच एका रविवारी कळव्याचा मित्र कागदांची जाडजूड चळत घेऊन आला. कडांना भोकं असलेले, एकमेकांना जोडलेले ते लांबलचक कागद त्याने कॉटवर घडी उलगडत सोडले तर टोक मोरीपर्यंत गेलं.

"इंटरनेटवर सापडलं," तो म्हणाला. "कंपनीत नेट आलंय ना. साहेब जेवायला गेलेला तेव्हा छापून घेतलं. बघ, तुझाच धंदा आहे."

ते एका खेळाचे नियम होते. भावाने ते दोन दिवसांत वाचून काढले आणि मला बोलावून म्हणाला, "ताई, आपण जे करायचो त्याला लोक परदेशात नियम बांधून खेळतात."

खेळ असा. एक जण सांगणारा. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सांगणारा म्हणतो, तुम्ही इथे आहात, समोर हे आहे. मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते सांगतो. जमणार की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. नदी ओलांडायची आहे, पोहता थोडंसं येतं, टाका फासे. सोंगट्या नाहीत, पट नाही. बोलणं, आणि अडलं तर फासे.

आईने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "मग जिंकतं कोण?" तिने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग संपतो कधी?"

"नाहीच संपत. भूक लागली की थांबायचं."

"म्हणजे मलाच उठायचं," आई म्हणाली.

नियमांत सांगितलेले फासे ठाण्यात मिळण्यासारखे नव्हते. आईकडे माहेराहून आलेल्या कवड्या होत्या, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायच्या. त्यातल्या चार तिने काढून दिल्या. भावाने नियम बसवला तो असा. तीन किंवा चार कवड्या उताण्या पडल्या तर काम फत्ते, तीन किंवा चार पालथ्या पडल्या तर पुरतं फसलं. दोन उताण्या, दोन पालथ्या असतील तर अर्धवट. म्हणजे काहीतरी हाती लागतं, पण पूर्ण नाही. हा अर्धवट त्याचा सगळ्यात आवडता होता.

त्या चळतीचं पहिलं पान मात्र खेळाचं नव्हतंच. अडचण तिथून सुरू झाली.

बाबा ठाण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी पुस्तकाची ओळन् ओळ तपासायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सर्व हक्क राखीव, ही ओळ त्यांनी इतक्या वेळा तपासली होती की ती त्यांच्या दृष्टीने छपाईचा मजकूर नव्हती, कुंपण होतं. भाऊ ते नियम मराठीत करतो आहे आणि मित्रांसाठी प्रती काढणार आहे हे कळल्यावर ते जेवता जेवता थांबले.

"कोणाला विचारलंस?"

"विचारायची गरज नाही, बाबा. पहिल्या पानावर लिहिलंय. कोणीही घ्यावं, प्रती काढाव्यात, बदलावं, वाटावं."

"असं कोणी लिहीत नसतं."

"लिहिलंय ना पण."

"मग त्याने हक्क सोडले असतील. आणि हक्क सोडले असतील तर त्यात काहीतरी खोट असेल."

भावाने ते पान आणून ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ते पान तपासायला घेतल्यासारखं वाचलं. मला तो प्रसंग नीट आठवतो, कारण त्यांच्या हातात नकळत पेन्सिल आली होती.

पानावर चार गोष्टी होत्या. नियमांवर हक्क लिहिणाऱ्याचाच आहे. तरीही कोणालाही ते विनामोबदला वापरायची, प्रती काढायची, बदलायची मुभा आहे. अट एवढीच, की हे पान प्रत्येक प्रतीसोबत असलं पाहिजे आणि जे बदललं ते बदललं म्हणून लिहिलं पाहिजे. या नियमांतून कोणी नवे नियम केले आणि ते इतरांना दिले, तर तेही याच अटींवर द्यावेत. आणि शेवटी, या नियमांवर खेळताना तुम्ही ज्या गोष्टी, जी गावं, जी माणसं रचाल ती तुमची. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

"म्हणजे हक्क सोडलेला नाही," बाबा म्हणाले.

"नाही. हक्क त्याचाच. दार उघडं ठेवलंय, एवढंच."

"आणि आत येणाऱ्यानेही ते लावून घ्यायचं नाही."

"हां. बरोबर."

"पण का? त्याला काय मिळतं?"

आई ताक घुसळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "विरजणासारखं का रे?"

आमच्याकडचं विरजण तिने लग्नानंतर तिच्या थोरल्या बहिणीकडून आणलं होतं. इमारतीतल्या निम्म्या घरांत त्याचंच दही लागायचं. कोणी वाटी घेऊन आलं की ती नाही म्हणायची नाही. दिवेलागणीनंतर तेवढं द्यायची नाही. ज्याने नेलं त्याच्याकडे उद्या दुसरं कोणी मागायला आलं तर त्यानेही द्यावं, हे कोणी कोणाला सांगत नसे. कळव्याच्या मित्रानेही एकदा डब्यात घालून त्याच्या आईसाठी नेलं होतं. कळव्याच्या पुलावर गर्दीत डबा कलंडला, निम्मं सांडलं आणि त्याच्या शर्टाला दिवसभर आंबूस वास येत होता, यावरून त्याची बरेच दिवस थट्टा झाली.

"विरजणाला अटी नसतात," बाबा म्हणाले. "आणि ते कोणी लिहिलेलं नसतं."

"अट आहे. दुधात घालावं लागतं. नुसतं खाऊन टाकलं तर काय उरलं?"

भाऊ हसला. म्हणाला, "आई, निम्मं बरोबर. पण विरजणावर मावशीचं नाव नसतं. इथे नाव पुसायचं नाही."

"तेवढं एक चांगलं आहे," बाबा म्हणाले.

तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तोंडाने विचारायचं, ही आमच्या घराची रीत होती. त्याने आधीच हो म्हणून ठेवलंय, हे बाबांना समजत होतं, पण त्यांना ते पटत नव्हतं. शेवटी त्यांच्या आग्रहाखातर भावाने त्या लेखकाला पत्र लिहिलं. पत्ता पानावर होताच. जी परवानगी मिळालेलीच होती ती मागणारं ते पत्र बाबांनी दोनदा तपासलं आणि इंग्रजीतला एक स्वल्पविराम हलवला. आम्ही भारतातल्या ठाणे शहरातून, आपल्या नियमांचं मराठी भाषांतर करण्याची, फाशांऐवजी कवड्या वापरण्याची नम्र अनुमती मागत आहोत, वगैरे. परदेशी टपालाचं निळं एरोग्राम. कळव्याचा मित्र म्हणाला, "अरे, सत्यनारायणाला बोलावलंय आणि तुम्ही दारात उभे राहून विचारताय, प्रसाद घेऊ का?"

"घेताना विचारलेलं बरं असतं," बाबा म्हणाले. "देणाऱ्याला बरं वाटतं."

उत्तर येईपर्यंत प्रत काढायची नाही, असं ठरलं. खेळायला हरकत नव्हती. त्या काळात भावाने नियमांत इतके बदल केले की मूळ चळत बाजूलाच पडली. त्यातला एक बदल त्याचा नव्हता, कल्याणच्या मैत्रिणीचा होता.

मूळ नियमांत पात्र घेताना आधी त्याची जमात ठरवायची असे. अमक्या जमातीचा तर ताकद जास्त, तमक्या जमातीचा तर अक्कल कमी. भावाने त्याचं सरळ भाषांतर केलं होतं. तिने ते वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"हे कुठून आणलंस?"

"मूळ नियमांतच आहे."

"जन्माला आलं की अक्कल ठरली? हा खेळ आम्हाला माहितीये रे. आमचे आजोबा खेळलेत. नकोय मला."

भाऊ थोडा वेळ कवड्या हातात खुळखुळवत राहिला. मग त्याने पहिलं पान काढलं, बदलायची मुभा आहे या ओळीवर बोट ठेवलं, जणू स्वतःलाच दाखवत होता, आणि तो सबंध परिच्छेद खोडला. त्या जागी लिहिलं: पात्र कोणाच्या पोटी जन्मलं ते विचारू नये. ते काय काय शिकलं आणि कोणाकडून शिकलं ते विचारावं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता टाक कवड्या," ती म्हणाली.

मुभेचा अर्थ मला त्या दुपारी कळला. तोवर मला वाटत होतं, फुकट म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत. पण पैसे न देता मिळालेली पुष्कळ पुस्तकं मी ग्रंथालयात रोज हाताळत होते. त्यातल्या एकाही पुस्तकातला चुकीचा परिच्छेद मी खोडू शकत नव्हते. इथे खोडता येत होतं. आणि खोडलं म्हणून लिहून ठेवावं लागत होतं, म्हणजे पुढच्याला दोन्ही दिसावं.

त्याने एक प्रदेश रचला होता, त्याचं नाव खाडीपलीकडे. मिठागरं, तरीचा धक्का, पडका किल्ला, जकातीचा नाका, खारफुटीत हरवणारी वाट. त्याने यातलं फार थोडं डोळ्यांनी पाहिलं होतं. भरती-ओहोटी कळव्याच्या मित्राने समजावली. "मना इचार ना," तो घरच्या बोलीत शिरून म्हणायचा, "खारीत पानी कवा येतंय ते मना ठावं." नकाशे भाऊ उशीवर पाट ठेवून काढायचा. कोणत्या झोपडीत कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं लिहिलेलं. सांगणारा नेहमी तोच, पण एक पात्र त्याने स्वतःकडेही ठेवलं होतं, होडीने माणसं पलीकडे नेणारा तरीवाला. हे सगळं आणि मराठी नियम एका जाड पुठ्ठ्याच्या फायलीत, वर ते पहिलं पान, भाषांतर केलेलं.

दिवाळीच्या सुमारास परदेशातून एक साधं कार्ड आलं. लेखक शाळामास्तर होता असं त्यावरून वाटलं. त्याने लिहिलं होतं, की परवानगी पानावरच होती, विचारायला नको होतं. पण विचारलंत म्हणून आनंद झाला, कारण आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि त्यामुळे कोण कुठे खेळतं ते त्याला कळतच नव्हतं. शिंपल्यांचा, म्हणजे कवड्यांचा, नियम नीट लिहून काढा, म्हणजे इतरांनाही वापरता येईल.

बाबांनी ते कार्ड चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. कितीतरी दिवस ते तिथेच होतं. "बघ," ते भावाला म्हणाले, "देणाऱ्याला बरं वाटलं."

भावाने उलट उत्तर पाठवलं. नियम पूर्ण करून वाटेन, असा त्यात शब्द दिला. आता प्रती काढायला हरकत नव्हती. पण भावाचं चालूच होतं, हे बदल, ते बदल. कल्याणची मैत्रीण म्हणायची, अभ्यासिकेतल्या मुलांना शिकवते, दे ना. तो म्हणायचा, देतो, मिठागरांचं तेवढं होऊ दे.

पुढच्या श्रावणात त्याला दम लागायला लागला. पाय सुजले. दवाखान्यात नेलं तेव्हा तो कळव्याच्या मित्राला म्हणाला की तरीच्या धक्क्यावर माझं पात्र थांबवून ठेवा, मी आल्याशिवाय होडी सोडू नका. तो परत आला नाही. मी यापेक्षा जास्त लिहीत नाही. लिहून पाहिलं होतं, खोडलं.

सुतकात आमच्याकडे चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी जेवण आणलं. घरातलं दूधदुभतं टाकून दिलं, त्यात विरजणही गेलं. तेराव्यानंतर पुन्हा स्वयंपाक सुरू झाला, पण आईने दही लावलं नाही. बाबांना दहीभाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नसे. तरी ते वरणभातावर उठायचे.

भावाची कॉट, उशी, पाट, फाईल, सगळं होतं तिथे होतं. आई रोज पुसायची आणि पुन्हा तसंच ठेवायची.

काही आठवड्यांनी दोघं मित्र आले. मग कल्याणची मैत्रीण म्हणाली, "काकू, ती फाईल मिळेल का? मुलांना शिकवीन म्हणते. त्याची इच्छा होती."

आई म्हणाली, "त्याच्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही."

"प्रत काढून लगेच परत देते."

"नाही म्हटलं ना."

आई असं कोणाशी बोलायची नाही. मैत्रीण उठली, आईच्या पाया पडली आणि गेली. कळव्याचा मित्र पायात चपला घालताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ताई, आम्हाला पुढचं माहीत नाही. खाडीपलीकडचं. तो एकटाच सांगणारा होता."

बाबांनी त्यावर बरेच दिवस विचार केला असावा. एका सकाळी ते कॉटवर बसले, फाईल उघडली आणि कागद वेगळे करू लागले. आई दारात येऊन उभी राहिली. ते तिच्याकडे न बघता बोलत होते, मुद्रितावर टीप लिहावी तसं. "हे नियम. हे द्यायला हवेत. त्याने त्या माणसाला शब्द दिलाय. दिले की याच पानासकट द्यायचे." त्यांनी एक गठ्ठा बाजूला ठेवला. "हे नकाशे, ही गावं, या गोष्टी. या त्याच्या स्वतःच्या. पानावर स्पष्ट आहे. म्हणजे आता तुझ्या. या द्यायलाच हव्यात असं नाही. कोणी मागू शकत नाही."

त्यांनी दोन गठ्ठे सुतळीने बांधले. एक दाराजवळच्या स्टुलावर ठेवला, एक उशीपाशी. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटलं. मी तो नियमांचा गठ्ठा कल्याणला घेऊन जाणार होते, पण ती स्टुलावरून उचल असं म्हणेना, आणि ती म्हणेपर्यंत मला उचलवेना. असे दोन-तीन आठवडे तो तिथेच राहिला.

मग कळव्याचा मित्र पुन्हा आला, एकटाच. हातात स्टीलचा छोटा डबा, या वेळी झाकणाला रबरबँड लावलेला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, "काकू, आईने दिलंय. दही लावत नाही म्हणून कळलं तिला. तुमचंच आहे, मागे मी नेलं होतं ते. आमच्याकडे चालू आहे."

आईने डबा घेतला. झाकण काढून वास घेतला.

"तुझी आई कसलं दूध घेते?"

"म्हशीचं. तबेल्यावरून."

"तरीच घट्ट आहे. माझं इतकं घट्ट लागत नाही." मग म्हणाली, "आत ये. बाहेर काय उभा राहिलास?"

तिने दूध तापवलं, कोमट केलं, विरजण लावलं आणि भांडं कोपऱ्यात झाकून ठेवलं. मग ती बाहेर आली. स्टुलावरचा गठ्ठा उचलून कॉटवर नेला. उशीजवळचा दुसरा घेतला. दोन्हीच्या सुतळ्या सोडल्या आणि सगळे कागद एकावर एक ठेवून पुन्हा एकच गठ्ठा बांधला. गाठ मारताना तिला नीट दिसत नव्हतं, मी गाठीवर बोट धरलं.

"अगं, ते त्याचं स्वतःचं आहे," बाबा म्हणाले. "द्यायलाच हवं असं नाही."

"माहितीये मला. तुम्ही वाचून दाखवलंत." तिने गठ्ठा मित्राच्या हातात दिला. "ते पान वर आहे ना बघ. आणि त्या मुलीला सांग, मी तिला त्या दिवशी बोलले ते मनात ठेवू नको. काय बदलाल ते लिहून ठेवा."

त्याने सुतळीखाली बोट घालून ते पान पाहिलं. मग म्हणाला, "काकू, कवड्या?"

"कवड्या माझ्या माहेरच्या आहेत," आई म्हणाली. "त्या नाही मिळायच्या."

त्यावर बाबा हसले. त्या घरात कोणी हसल्याचा आवाज कितीतरी दिवसांनी आला आणि आम्ही सगळेच दचकलो. दुसऱ्या दिवशी जेवताना दही होतं. थोडं पातळ लागलं होतं, आईचं लागायचं तसं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ग्रंथालय बंद करून मी त्या विहारात गेले. मैत्रिणीने बोलावलं होतं. दिव्याखाली सतरंजीवर मुलं गोल बसलेली. मध्ये फाईल नव्हती, तिच्या प्रती होत्या, प्रत्येकाच्या मांडीवर एक, कोपरे दुमडलेल्या. एक मी चाळली. वर ते पान होतं. खाली भावाने केलेले बदल, त्याच्या अक्षरात, प्रतीवरही ओळखू येणारे. जन्म विचारू नये, हा त्यातच होता. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात नवे: कवड्या मिळाल्या नाहीत, दोन चिंचोके उभे फोडून चार अर्धुकं वापरावीत, पांढरी बाजू म्हणजे उताणं. त्याखाली आणखी एक, लहान मुलाच्या अक्षरात: तरीवाला मेलेला नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

सांगणारी एक दोन वेण्यांची मुलगी होती, सातवी-आठवीतली. तिने मला बघून जागा केली आणि मैत्रिणीला विचारलं, "बाई, यांना घेऊ?"

"घे ना."

"नाव काय ठेवायचं ते नंतर ठरवा," ती मला म्हणाली. "तुम्ही धक्क्यावर आहात. भरती लागलीये. तिथे एक खोली आहे, दार बंद आहे. काय करणार?"

बाकीची मुलं चुळबुळ करायला लागली. एक जण म्हणाला, "ओ मॅडम, लवकर! पाणी चढतंय!"

"आधी कान लावते," मी म्हणाले.

"टाका मग."

मी चिंचोके टाकले. दोन पांढरे पडले, दोन काळे. तिने ते वाकून पाहिले, प्रतीत बोट घालून नियम शोधला आणि थोडा विचार केला.

"अर्धवट," ती म्हणाली. "आत कोणीतरी बोलतंय. कोण ते कळत नाही."